छोटी बायोटेक कंपनी: औषधाआधी शिदोरी बघा

पुढच्या वर्षासाठी अमेरिकेतल्या छोट्या बायोटेक कंपन्यांची यादी करताना मी औषधाकडे नंतर वळतो. आधी तिमाही अहवाल उघडतो आणि वहीत दोन गोष्टी लिहितो.

पहिली, रोख किती आणि खर्च किती. समजा, हाताशी ६ कोटी डॉलर आहेत आणि तिमाहीला १ कोटी खर्च होतो. म्हणजे दीड वर्षाची शिदोरी. दुसरी, चाचणीचा निकाल कधी. तो शिदोरी संपल्यावर येणार असेल, तर कंपनी बहुधा मधेच नवे शेअर विकणार आणि आपला हिस्सा घटणार.

पण पैसा आहे म्हणून जोखीम संपते का? नाही. ॲक्सोव्हंटचंच बघा. २०१५ मध्ये आयपीओतून ३१.५ कोटी डॉलर उभे केले. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांच्या अल्झायमरच्या औषधाची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी फसली आणि शेअर एका दिवसात ७० टक्क्यांहून जास्त पडला. अशा वेळी स्टॉपलॉस वाचवत नाही, कारण बाजार उघडतो तोच खाली.

म्हणून माझा हिशोब साधा: एका कंपनीत तेवढेच पैसे, जे बुडाले तरी घरखर्च अडणार नाही.