मौर्य साम्राज्याचा ऱ्हास : अहिंसेच्या कारणमीमांसेची पुनर्तपासणी

प्रस्तावना :

इ.स.पू. ३२१ च्या सुमारास चंद्रगुप्ताने स्थापन केलेले मौर्य साम्राज्य अशोकाच्या निधनानंतर (इ.स.पू. २३२ च्या सुमारास) अवघ्या अर्धशतकात लयास गेले. अखेरचा राजा बृहद्रथ याचा त्याचाच सेनापती पुष्यमित्र शुंग याने इ.स.पू. १८५ च्या सुमारास वध केला. सैन्याचे संचलन दाखविण्याच्या निमित्ताने हा वध झाल्याचे बाणभट्टाने सातव्या शतकात ‘हर्षचरिता’त नमूद केले आहे. या ऱ्हासाची मीमांसा करताना अशोकाने अहिंसा स्वीकारली, सैन्य दुर्बळ झाले आणि साम्राज्य कोसळले, असे सुटसुटीत उत्तर आजही सर्रास दिले जाते. हे उत्तर केवळ गतकाळापुरते राहत नाही. शांततेचे धोरण राज्याला मारक असते, असा सार्वकालिक धडा विद्यार्थी त्यातून घेऊन जातो. म्हणूनच हे उत्तर पुराव्याच्या कसोटीवर कितपत टिकते, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अहिंसा आणि शिलालेखांची साक्ष :

धम्मविजयाच्या धोरणामुळे मगधाचे लष्करी सामर्थ्य क्षीण झाले, असे प्रतिपादन हेमचंद्र रायचौधुरी यांनी केले. तथापि अशोकाचे स्वतःचे लेख वेगळे चित्र दर्शवितात. तेराव्या शिलालेखात कलिंग युद्धातील एक लाख मृत व दीड लाख विस्थापित यांच्याविषयी अनुताप व्यक्त झाला आहे. परंतु त्याच लेखात अटवीवासी जनांना राजाच्या दंडशक्तीची जाणीवही करून दिली आहे. अनुताप झाला म्हणून कलिंग परत केले गेले नाही. चौथ्या स्तंभलेखात मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची सवलत दिली आहे. म्हणजे मृत्युदंड रद्द झालेला नव्हता. सैन्य विसर्जित केल्याचा उल्लेख तर कोणत्याही लेखात नाही. शिवाय बृहद्रथाचा वध सैन्यासमक्ष व सेनापतीच्या हातून झाला, ही परंपरा ग्राह्य धरल्यास सैन्य अस्तित्वात होते, एवढेच नव्हे तर ते राजापेक्षा सेनापतीच्या अधीन होते, असेच म्हणावे लागते.

ब्राह्मणी प्रतिक्रियेचा सिद्धांत :

हरप्रसाद शास्त्री यांनी १९१० मध्ये पशुबलीवरील निर्बंध व धम्ममहामात्रांची नियुक्ती यांतून उद्भवलेल्या असंतोषाला ऱ्हासाचे कारण मानले. रायचौधुरी यांनीच या मताचे खंडन केले. अशोकाचे लेख ब्राह्मण व श्रमण या दोहोंना आदर व दान देण्यास सांगतात. ब्राह्मण मानला जाणारा पुष्यमित्र मौर्यांचा सेनापती होता, ही बाबही या सिद्धांताशी विसंगत ठरते.

आर्थिक व प्रशासकीय कारणे :

गोव्यात जन्मलेले व पुण्यास कर्मभूमी मानणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी चर्चेचा रोख राजाच्या स्वभावावरून राज्याच्या कोषाकडे वळविला. आहत नाण्यांचे वजन व धातूची शुद्धता यांचा अभ्यास करून उत्तर मौर्यकाळातील नाण्यांत चांदीचे प्रमाण घटल्याचे त्यांनी दाखविले. सुवर्णाच्या इच्छेने मौर्यांनी मूर्ती करविल्याचा पतंजलीचा उल्लेखही याच संदर्भात विचारात घेतला जातो. रोमिला थापर यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात यावर आक्षेप घेतला. त्यांच्या मते या नाण्यांचा काळ निश्चित नाही, आणि हस्तिनापूर व शिशुपालगढ येथील उत्खनने आर्थिक अवनतीऐवजी विस्तार सुचवितात. ऱ्हासाचे मूळ त्यांनी प्रशासनात शोधले. अधिकाऱ्यांची निष्ठा राज्यसंस्थेशी नसून राजाच्या व्यक्तीशी होती. राजा बदलला की ही साखळी सैल होत असे.

धौली व जौगड येथील स्वतंत्र कलिंगलेख या मताला पूरक आहेत. लोकांना अकारण बंधन व छळ सोसावा लागू नये, म्हणून दर पाच वर्षांनी अधिकारी फिरतीवर पाठविण्याची आज्ञा त्यांत आहे. उज्जयिनी व तक्षशिला येथून तीन वर्षांच्या आत तसे करावे, असेही म्हटले आहे. दूरच्या प्रांतांतील अधिकाऱ्यांना आवर घालण्याची चिंता अशोकाच्या हयातीतच होती, हे यावरून स्पष्ट होते.

परिघाचा उदय :

पुढे १९८७ मध्ये थापर यांनी केंद्र, गाभा-प्रदेश व परिघ अशी साम्राज्याची मांडणी केली. या दृष्टीने पाहता ऱ्हास ही केवळ केंद्राच्या दौर्बल्याची कथा उरत नाही. इ.स.पू. २०६ मध्ये, म्हणजे पुष्यमित्राच्या बंडापूर्वी सुमारे वीस वर्षे, सेल्युकसवंशीय तिसऱ्या अँटिओकसने वायव्येकडील सुभगसेन या राजाशी मैत्री नूतन करून हत्ती घेतल्याचे पॉलिबियस सांगतो. दख्खनमध्ये नालासोपारा येथे अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे अंश सापडले आहेत. मौर्योत्तर काळात त्याच दख्खनमध्ये सातवाहनांची सत्ता उदयास आली. नाणेघाटातील लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या हजारो गायी व कार्षापणांची नोंद आहे. कलिंगात खारवेलाने नंदकालीन कालवा राजधानीपर्यंत वाढविल्याचे हाथीगुंफा लेख सांगतो. ज्या प्रदेशांचे उत्पन्न एकेकाळी पाटलिपुत्राकडे वाहत होते, तेच आता आपल्या साधनसंपत्तीवर राज्ये उभारू लागले होते.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, मौर्य साम्राज्याचा ऱ्हास एका राजाच्या नैतिक निर्णयाचे फलित नव्हता. व्यक्तिनिष्ठ प्रशासन, दूरच्या प्रांतांवरील सैल नियंत्रण आणि परिघावरील प्रदेशांचे वाढते सामर्थ्य यांचा तो एकत्रित परिणाम होता. कोषावरील ताणाचा प्रश्न नाण्यांच्या कालनिश्चितीवर अवलंबून असल्याने खुला ठेवणे उचित होय. अध्यापनात तेरावा शिलालेख व कलिंगलेख यांचा मराठी अनुवाद विद्यार्थ्यांसमोर ठेवल्यास ‘अहिंसेने साम्राज्य बुडविले’ हे विधान ते स्वतःच तपासू शकतील. इतिहासाच्या नावाने शांततेवर ठेवला जाणारा हा ठपका पुराव्याविना पुढील पिढीकडे जाऊ नये, ही जबाबदारी अध्यापकांची आहे.