अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

लांज्याहून शिकायला आलो आणि रत्नागिरीतल्या एका निवांत आळीत खोली मिळाली. पुढे अंगण, मागे माड, दुपारी कावळ्याखेरीज आवाज नाही. "अकरा महिन्यांचंच तर आहे, नोंदणी कशाला?" असे घरमालक काका म्हणाले. दहा हजार अनामत दिली. पावती मागायचा संकोच वाटला. परीक्षा तीन आठवड्यांवर आली, तशी 'खोली सोड' असा निरोप आला. वर अनामत म्हणे पाचच हजार!

मग कायदा उघडला. १९०८ च्या नोंदणी कायद्याने वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. म्हणून लोक एक महिना कमी लिहीत आले. पण ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ ने ती पळवाट बुजवली. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदलेला हवा, जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. भाड्याची पावती देणेही मालकावर बंधनकारक आहे. (मुदत संपूनही परवानाधारक हटला नाही, तर दुप्पट भाडे भरावे लागते, हेही वाचून ठेवा.)

कलम वहीत उतरवून काकांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले. "परीक्षा होऊ दे तुझी," एवढेच म्हणाले. अनामतीचा विषय मात्र अजून निघालेला नाही.