विश्लेषण : मोटार ठणठणीत, मग जोड का जळतो?

हरभरा-गव्हाला पाणी द्यायची वेळ आली की यवतमाळ जिल्ह्यातल्या शिवारांत डीपीवरचा भार वाढतो. दारव्हा असो, घाटंजी असो की पुसद, पंप बंद पडला की शेतकरी आधी मोटारीवर संशय घेतो. पण बरेचदा काळा पडलेला असतो तो वायरचा जोड. एका बाजूला तांबे, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम, वरून टेप.

दोन धातू एकत्र येतातच का?

खांबावरच्या तारा ॲल्युमिनियमच्या, कारण तो हलका आणि स्वस्त. मोटारीची केबल आणि वाइंडिंग मात्र तांब्याचे. त्यामुळे डीपीपासून स्टार्टरपर्यंत कुठे तरी दोघांची गाठ पडतेच.

मग वितळवून जोडत का नाहीत?

ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतो, तांबे 1085 अंशांना. तांबे वितळेपर्यंत ॲल्युमिनियमचे पाणी झालेले असते. त्याहून मोठी अडचण पुढे आहे. हे दोघे एकमेकांत मिसळले की मिश्रण 548 अंशांनाच, म्हणजे दोघांच्याही आधी, वितळू लागते. थंड झाल्यावर मध्ये जो थर उरतो तो कडक आणि ठिसूळ असतो, शिवाय वीजही नीट वाहू देत नाही.

घरातली कल्हई आठवून पाहा. तिथे तांबे वितळतच नाही; 232 अंशांना वितळणारे कथील त्यावर पसरते. नवसागर तांब्याचा पृष्ठभाग साफ करतो, म्हणून ते चिकटते. ॲल्युमिनियमवर ही युक्ती सहज चालत नाही. त्याच्यावर ऑक्साइडची पातळ, चिवट साय असते आणि ती 2000 अंशांच्याही वर वितळते.

नुसता पीळ दिला तर?

हीच साय वीज अडवते आणि जोड तापतो. 100 अंशांनी तापलेली एक मीटर ॲल्युमिनियमची तार सुमारे 2.3 मिलिमीटर वाढते, तांब्याची 1.7. रोज तापणे-निवणे सुरू राहिले की पकड सैल होते, आणि सैल जोड आणखी तापतो. त्यात ओल शिरली की दोन धातूंची जणू बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातो. थ्री-फेज मोटारीच्या एकाच फेजचा जोड तुटला, तरी ती उरलेल्या दोन फेजवर घुमत राहते. वाइंडिंग जळते ते अशा वेळी.

उपाय कोणता?

बायमेटल लग. यात तांबे आणि ॲल्युमिनियम कारखान्यातच घर्षणाने जोडलेले असतात. एक तुकडा वेगाने फिरवून दुसऱ्यावर दाबतात. धातू मऊ होतो, पण वितळत नाही. साय कडेने बाहेर ढकलली जाते आणि काही सेकंदांत जोड तयार होतो. इतक्या कमी वेळात तो ठिसूळ थर फारसा वाढत नाही. ॲल्युमिनियमची तार लगच्या ॲल्युमिनियमच्या नळीत जाते, तांब्याचा चपटा भाग टर्मिनलवर बसतो. मोटार रिवाइंड करण्याच्या खर्चापुढे लगची किंमत किरकोळ आहे. मात्र तो क्रिंपिंग टूलनेच दाबावा लागतो. हातोडीने ठोकलेला लग पिळाच्या जोडाइतकाच बेभरवशाचा.

स्टार्टरकडचा जोड जाणकार वायरमनकडून, मेन स्विच बंद करून बदलून घेता येतो. डीपीवरचे काम महावितरणचे. तक्रार 1912 वर करता येते. जोडावर पांढरी भुकटी दिसली किंवा टेप वितळल्याचा वास आला, तर मोटार बंद पडायची वाट पाहू नये.