लोकशाहीचं काम आणि ‘बाहेरची माणसं’

रत्नागिरी जिल्ह्यात प्रकल्पावरून, पाण्यावरून किंवा जमिनीवरून वाद पेटला की चार दिवसांत एक वाक्य कानावर येतंच : ‘आपली माणसं साधी आहेत हो, बाहेरचे येऊन भडकवतात.’ त्यानंतरचं वाक्य बहुधा पैशाबद्दल असतं. मानवी हक्क, सामाजिक न्याय, जागतिक लोकशाही असे शब्द ज्यांच्या पाटीवर आहेत अशा संस्थेत स्वयंसेवक म्हणून जायचं ठरवलेल्या मुलामुलींना घरातही हेच ऐकावं लागतं. वर ‘आधी नोकरीचं बघ’ हा सल्ला असतोच. तो सल्ला रास्त आहे. बाकीच्या समजुती मात्र तपासून घ्यायला हव्यात.

‘हे खूळ परदेशातून आलं’

मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे एक अर्ज गेल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं आणि त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांचा प्रश्नही त्याच दारात नेता येईल का, हा विचार त्यामागे होता. डू बॉइस यांनी उत्तर पाठवलं. संयुक्त राष्ट्रांची स्थापना होऊन तेव्हा एक वर्षही झालं नव्हतं आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा यायला अजून दोन वर्षं होती. जगाच्या व्यासपीठावर न्याय मागण्याची कल्पना कोकणाशी नातं असलेल्या माणसाला कोणी शिकवावी लागली नव्हती.

हेच बाबासाहेब त्याआधी खोतांच्या जाचाविरुद्ध उभे राहिले होते. खोती हा खास कोकणातला, त्यातही रत्नागिरीतला प्रश्न. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने, म्हणजे बारा वर्षांनी. मोर्चाचा दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो. मधली बारा वर्षं कोणी कागद सांभाळले, कोणी कुळांना धीर दिला, ते कोणी विचारत नाही.

पूर्णवेळ, तुटपुंज्या मानधनावर सार्वजनिक काम करणारा कार्यकर्ता हीही इथे नवी गोष्ट नाही. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला तो नेमका अशी माणसं घडवण्यासाठी. दापोलीजवळच्या पालगडचे साने गुरुजी पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी मे १९४७ मध्ये उपोषणाला बसले. त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून गावोगावी सभा घेतल्या होत्या आणि या कामात सेवादलाची तरुण पोरं त्यांच्याबरोबर होती. उपोषणाची गोष्ट पाठ्यपुस्तकात येते, दौऱ्याची क्वचितच.

‘परदेशी संघटना गावं पेटवतात’

हा आरोप तपासायला गुहागरसारखं दुसरं उदाहरण नाही.

एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प खाडीच्या दक्षिणेला, अंजनवेल-वेलदूर भागात आला. १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला, डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाशी वीजखरेदीचा करार झाला. जमीन, गोडं पाणी आणि मासेमारी यांचं काय होणार, हे प्रश्न गावांनी तेव्हापासून विचारले. मग मोर्चे, जमावबंदीचे आदेश, अटका असं सुरू झालं. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळी वस्तीत शिरले. बायकांना घरातून बाहेर काढून मारहाण झाली.

आता तारखा पाहा. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलचा या प्रकरणावरचा अहवाल आला जुलै १९९७ मध्ये. ह्यूमन राइट्स वॉचचा सविस्तर अहवाल आला जानेवारी १९९९ मध्ये. म्हणजे आधी गाव उभं राहिलं, मग लाठी पडली आणि जगाने दखल घेतली ती त्यानंतर. प्रकल्पाच्या बंदोबस्तासाठी आलेल्या राज्य राखीव पोलिसांचा खर्च कंपनीने उचलला होता, ही बाब ह्यूमन राइट्स वॉचने ठळकपणे मांडली. एन्रॉन डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण अहवाल बरोबर होते याचा तो पुरावा नव्हे. कंपनी बुडाली ती अमेरिकेतल्या हिशेबांच्या भानगडींमुळे. आपल्याकडे ही दोन प्रकरणं सर्रास एकत्र कालवली जातात.

असा अहवाल हवेतून तयार होत नाही. कोणाला कुठल्या तारखेला उचललं, कुठलं कलम लावलं, किती वाजता कोर्टात उभं केलं, दवाखान्याचा दाखला कोणाकडे आहे, हे कोणीतरी गावातच लिहून ठेवलेलं असावं लागतं. स्वयंसेवकाचं खरं काम ते. घोषणा देणारे शंभर मिळतात. अटकेच्या रात्री वही काढून नावं आणि वेळा लिहिणारा एखादाच असतो. आणि अ‍ॅम्नेस्टीबद्दल आणखी एक सांगायला हवं. १९६१ पासून तिची मुख्य रीत आहे ती सामान्य सभासदांनी सरकारांना पत्रं लिहिण्याची, आणि अनेक दशकं सभासदाला स्वतःच्या देशातली प्रकरणं हाताळायला दिली जात नसत. शाळामास्तर, नर्स, निवृत्त कारकून अशी माणसं परक्या देशातल्या अनोळखी कैद्यासाठी पत्र लिहीत आली आहेत.

‘डॉलर येतात, म्हणून चालतं’

परदेशी निधी घेण्यासाठी संस्थेला विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. हा कायदा २०१० चा. नोंदणी पाच वर्षांची असते. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो, तो दुसऱ्या संस्थेला वळता करता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. राजकीय पक्ष, उमेदवार, आमदार-खासदार आणि सरकारी नोकर यांना असा निधी घ्यायला बंदी आहे. तालुक्याच्या ठिकाणी एका खोलीत चालणाऱ्या बहुतेक गटांना ही कसरत झेपणारीच नसते. त्यांचा खर्च वर्गणीतून आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी पाठवलेल्या पाचशे-हजारांतून निघतो.

सगळं धुतल्या तांदळासारखं असतं असं नाही. अ‍ॅम्नेस्टीच्या भारतातल्या शाखेची खाती गोठवली गेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये तिने इथलं काम थांबवलं. सरकार म्हणालं, कायद्याला बगल देऊन पैसा आणला. संस्था म्हणाली, टीका केली म्हणून कारवाई झाली. स्वयंसेवकाने यातून घ्यायचं ते एवढंच की, ज्या संस्थेसाठी रविवार खर्च करायचा तिचा ताळेबंद मागायला लाजू नये. ताळेबंद दाखवायला कां-कूं करणाऱ्या संस्थेपासून लांब राहिलेलं बरं, मग तिच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

‘गावाने ठरवलं, विषय संपला’

या समजुतीवर जरा थांबायला हवं, कारण ती आपल्या जिल्ह्यात सगळ्यांत खोल रुजलेली आहे.

कोकणात गावकी नावाची गोष्ट आहे. मानकरी, वाडीप्रमुख, देवळाच्या सभामंडपातली बैठक, शिमग्याची पालखी कोणाच्या दारी कधी जाणार याचा निर्णय. गावकीने पाणंदी बांधल्या, देवळं उभी केली, अडल्यानडल्याला हात दिला, हे खरं. पण गावकी म्हणजे ग्रामसभा नव्हे. ग्रामसभेत मतदारयादीतला प्रत्येक माणूस सभासद असतो : सासरी आलेली सून, बौद्धवाडीतला तरुण, मोहल्ल्यातली म्हातारी. गावकीच्या बैठकीत यांतले किती जण बसतात आणि बसले तर किती बोलतात, ते ज्याने त्याने आपल्या गावापुरतं आठवून पाहावं.

गावकीचं ऐकलं नाही म्हणून कुटुंब वाळीत टाकण्याच्या तक्रारी रायगड-रत्नागिरीतून वर्षानुवर्षं येत होत्या. दुकानदार सामान देत नाही, मयताला कोणी खांदा देत नाही, मुलीचं लग्न ठरत नाही, पालखी दारावरून पुढे जाते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या संघटनांच्या कार्यकर्त्यांनी अशी प्रकरणं एकेक करून नोंदवली, पोलिसांत नेली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. ‘आम्ही फक्त बोलायचं बंद केलं’ असं म्हणून आता सुटका होत नाही.

ग्रामसभेचीही एक गंमत आहे. गणपूर्ती लागते ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतला कमी आकडा असेल तेवढी. तेवढी माणसं जमत नाहीत. अर्धी मुंबईत, उरलेली बागेत नाहीतर लावणीला. मग सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे पुढच्या खेपेला पंधरा-वीस माणसांत ठराव होतात. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. ज्यांना हे ठाऊक आहे ते तहकूब सभेलाच आवर्जून येतात, बाकीचे पहिल्या सभेहून परत जातात ते घरीच बसतात. नियमित सभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं बंधनकारक आहे. ती कित्येक ठिकाणी फक्त वहीत भरते. सही घ्यायला वही घरोघर फिरवली की सभा झाली.

इथे स्वयंसेवकाने काय करायचं? भाषण मुळीच करायचं नाही. सभेची नोटीस वाडीवाडीत पोचली का ते पाहायचं, बायकांना वेळ सांगायची, ठराव सभेतच लिहून मोठ्याने वाचून दाखवा असा आग्रह धरायचा आणि नंतर इतिवृत्ताची प्रत माहिती अधिकारात मागायची. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि उत्तर तीस दिवसांत मिळायला हवं. राजापूर तालुक्यात नाणार आणि पुढे बारसूच्या रिफायनरीवरून झालेल्या वादात ग्रामसभांचे ठराव वारंवार पुढे आले ते उगाच नाही. आणि रिफायनरी हवी म्हणणारेही त्याच गावांत आहेत. त्यांनाही सभेत न दबता बोलता आलं पाहिजे. ते ज्याला रुचत नाही त्याने लोकशाहीचं काम अंगावर घेऊ नये.

बारसूचाच सडा आणखी एका कारणाने जगाला माहीत झाला. निसर्गयात्री संस्थेच्या रत्नागिरीतल्या हौशी मंडळींनी सड्यासड्यांवर फिरून, गुराख्यांना विचारून, कातळशिल्पं नोंदवली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली आणि त्यांत बारसू आहे. विषय वेगळा, पण जग गावापर्यंत आलं ते गावातल्या नोंदींच्या मागोमाग.

‘इंग्रजी आणि वकिली आल्याशिवाय जमत नाही’

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे तक्रार राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत करता येते, म्हणजे मराठीतही. तिला फी नाही. घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत मात्र ती करावी लागते, आणि ही मुदत हुकल्यामुळे चांगली प्रकरणं वाया जातात. कोऱ्या कागदावर तारीख, वार, ठिकाण, काय घडलं, कोणी पाहिलं, एवढं सरळ लिहिलं तरी चालतं. ‘अमानुष’, ‘निर्दय’ असली विशेषणं काढली तर अर्ज उलट बळकट होतो.

‘शांतपणे काम केलं तर काही होत नाही’

हा गैरसमज संस्थाच पसरवतात. निःशस्त्र, शांततेने एकत्र जमण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात आहे. तरी जमावबंदीचा आदेश निघाला की पाच माणसांवर गुन्हा दाखल होऊ शकतो, तडीपारीची नोटीस येऊ शकते. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत हे सगळं वर येतं. नव्या स्वयंसेवकाला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. अटक झाली तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती यांनाही तो तसाच मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

मोर्चात उतरायचं नसेल त्याला याच प्राधिकरणाचा विधी स्वयंसेवक होता येतं. ही योजना २००९ ची. वकील असण्याची अट नाही. लिहिता-वाचता येणारा, शक्यतो दहावी झालेला माणूस चालतो, आणि आधी प्रशिक्षण मिळतं. चौकशी जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात करायची.