कानाने लिहिणारा इतिहासकार

सकाळी साडेआठ. न्याहारी आटोपली की डेव्हिड मॅकलॉ घरामागच्या छोट्या लाकडी खोलीत जातात. बेट मार्थाज व्हिनयार्ड, राज्य मॅसॅच्युसेट्स. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या चरित्राला त्यांनी दहा वर्षं दिली, त्यातला हा कुठलाही एक दिवस समजा. खोलीत फोन नाही. टेबलावर 1965 साली जुनाच विकत घेतलेला रॉयल टाइपरायटर आहे. संगणक घेतलात तर काम झपाट्याने होईल, असं लोक सुचवतात. पण झपाटा हवाय कुणाला? जमलं तर आणखी सावकाश लिहायचंय, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आधी कालची पानं पुन्हा दुरुस्त होतात, मग नवी. अशी मोकळी सकाळ त्यांना आयती मिळालेली नाही. ‘अमेरिकन हेरिटेज’ मासिकातली नोकरी सांभाळून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी त्यांनी पहिलं पुस्तक लिहिलं. 31 मे 1889 ला पेनसिल्व्हेनियात धरण फुटून जॉन्सटाउनमध्ये दोन हजारांवर माणसं गेली, त्याची ती हकिकत. 1968 मध्ये पुस्तक आलं, चाललं, आणि पदरी मोठा संसार असताना त्यांनी नोकरी सोडली.

अकरा. टेबलाजवळ एक पाटी आहे: ‘मासा नीट बघ.’ निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी नव्या विद्यार्थ्यापुढे मेलेला मासा ठेवून दिवसच्या दिवस तो बघायला लावत, त्या गोष्टीतली. कागदपत्रांचंही तेच, दिसतं ते सगळं पहिल्या वाचनात दिसत नाही. 12 एप्रिल 1945 ला व्हाइट हाउसमधून निरोप आला आणि उपाध्यक्ष ट्रुमन कॅपिटॉलच्या इमारतीतून धावत सुटले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट गेले होते, पण ते अजून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ती धाव लिहायची म्हणून मॅकलॉ त्या वाटेने स्वतः धावून आले. परिच्छेद वाचताना आपल्यालाही धाप लागते ती उगाच नाही.

एक. जेवण. त्यांना बोलवायला कुणी आलं तर लांबूनच शीळ घालत यायचं, हा घरचा नियम. एकदम दार वाजलं की दचकतात.

दुपार. पुन्हा तेच टेबल.

अधूनमधून मात्र दिवस स्टुडिओत जातो. ब्रुकलिन ब्रिजवरच्या त्यांच्या पुस्तकावरून केन बर्न्स यांनी 1981 मध्ये माहितीपट केला आणि निवेदन त्यांच्याकडूनच करून घेतलं. पुढे 1990 च्या सप्टेंबरात बर्न्स यांच्याच ‘द सिव्हिल वॉर’ या अमेरिकन यादवी युद्धावरच्या मालिकेचे नऊ भाग सलग पाच रात्री दाखवले गेले आणि हा आवाज घराघरांत पोचला. लिंकनचे शब्द वाचायला सॅम वॉटरस्टन, पत्रं आणि डायऱ्या वाचायला इतर मंडळी. मॅकलॉ फक्त सांगतात. हजारो माणसं पडलेल्या रणांगणावरसुद्धा त्यांचा आवाज चढत नाही. आपल्याकडे इतिहास म्हटलं की निवेदक आधी घसा खाकरून घनगंभीर होतो आणि मागे तुतारी वाजते. त्या सवयीच्या कानाला हा आवाज सुरुवातीला थंडच वाटेल. पण आकडा साध्या सुरात सांगितला की जास्त बोचतो. हे स्टुडिओत शिकता येत नसावं. ते रोज संध्याकाळी घरात शिकले.

संध्याकाळ. पत्नी रोझाली दिवसभराची पानं मोठ्याने वाचतात, मॅकलॉ ऐकतात. डोळ्याला न खुपलेली पुनरुक्ती कानाला लगेच खुपते. थिओडोर रूझवेल्ट यांच्या तरुणपणावरचं पुस्तक चालू असताना रोझाली एका वाक्याशी अडल्या. हे काही बरोबर नाही, म्हणाल्या. पुन्हा वाचलं, पुन्हा तेच. मॅकलॉंनी वैतागून कागद ओढून घेतला, स्वतः वाचला आणि वाक्य तसंच ठेवलं. 1981 मध्ये पुस्तक छापून आलं. ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये गोर विडाल यांनी परीक्षण लिहिलं आणि फसलेल्या वाक्याचा नमुना म्हणून नेमकं तेच उचललं.