मरणाचा हक्क आणि गरिबाची निवड

असाध्य अवस्थेतील माणसाचे जीवन कोठवर लांबवावे, हा प्रश्न महाराष्ट्रापुढे अरुणा शानबाग यांच्या रूपाने उभा राहिला. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या परिचारिकेवर तेथील एका सफाई कामगाराने अत्याचार केला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि १८ मे २०१५ पर्यंत त्या तिथेच अंथरुणाला खिळून राहिल्या. त्यांना अन्न भरवणे थांबवावे, असा अर्ज पिंकी विराणी यांनी केला. शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला, परंतु उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. आता सज्ञान माणसाला दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर तसे इच्छापत्र करता येते. वेळ आल्यावर डॉक्टरांची दोन मंडळे खात्री करतात. प्राण घेणारे इंजेक्शन देणे मात्र गुन्हाच आहे.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे या हक्काच्या बाजूची आहोत. पण दोंडाईच्याच्या मिरचीबाजारातला हमाल ‘आता पुरे’ म्हणतो, तेव्हा तो दुखण्याला कंटाळला की कर्जाला, हे आधी विचारले पाहिजे. वेदना शमवणारे औषध आणि शुश्रूषा हाताशी असेल तरच त्याचा नकार ही निवड. नाहीतर ती लाचारी. म्हणून या दोन्ही मागण्या आपण एकाच अर्जात लिहू या.