हुबेहूब म्हणजे किती?

तान्ह्या पोळ्याला धरमपेठेतली मुले चाकांवरचे लाकडी नंदीबैल ओढत घरोघर बोजारा मागायला जातात. बैलाची शिंगे नि वशिंड प्रमाणाबाहेर मोठे असले तरी कुणी तक्रार करत नाही. तो बैल वाटला म्हणजे झाले. जुन्या मोटारींच्या हस्तनिर्मित प्रतिकृती जमवणारे मात्र मोजपट्टी घेऊन बसतात. त्यांची अट एकच, सगळी मापे एकाच प्रमाणात हवीत. ही अट खरोखर पाळता येते का, हे आपण पाहू या.

उदाहरण ओळखीचे घेऊ. मुंबईत कुर्ल्याला १९६४ पासून तयार होऊ लागलेली फियाट ११०० डिलाइट पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी पोचली. लांबी सुमारे ३.९ मीटर, वजन सुमारे ९०० किलो. संग्राहकांमध्ये १:४३ हे प्रमाण रूढ आहे. हा विचित्र आकडा खेळण्यातल्या आगगाड्यांकडून आला; फुटाला ७ मिलिमीटर धरले की जवळपास हेच गुणोत्तर येते. या प्रमाणात पद्मिनी ९ सेंटिमीटरची होते. पण वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटते. ४३ चा घन ७९,५०७. त्याने ९०० किलोला भागले की उरतात अवघे ११ ग्रॅम! भरीव लाकडाची प्रतिकृती याच्या तिप्पट-चौपट भरते. खरी मोटार पोकळ असते आणि तिचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. तो ४३ पट पातळ केला तर केसाहूनही पातळ होईल, बोट लागताच चेपेल.

लाकडाचेही तसेच. विदर्भात सागवान भरपूर, पण त्याची छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतात. ०.२ मिलिमीटरचे छिद्र खऱ्या गाडीच्या हिशेबात जवळजवळ ९ मिलिमीटरचे भोक ठरते. म्हणून बारीक पोताचे हळदू बरे.

आता नजरेचा प्रश्न. प्रतिकृती आपण साधारण ३० सेंटिमीटरवरून पाहतो. खऱ्या गाडीच्या बाबतीत हे अंतर १३ मीटर झाले. तेवढ्या अंतरावरून दाराभोवतीची चार मिलिमीटरची फट निरोगी डोळ्यालाही जेमतेम दिसते. प्रतिकृतीत ती ०.१ मिलिमीटरहून कमी हवी, पण रंगाचा एक हात तिला बुजवून टाकतो. मग कारागीर ती मुद्दाम रुंद कोरतो आणि काळी करतो. दूरची वस्तू फिकी दिसते, म्हणून काही जण मूळ रंगात थोडा पांढराही मिसळतात. आमच्या मते या दोन्ही लबाड्या रास्त आहेत. जाडजूड वायपर मात्र खटकतात. पातळ पितळी पत्र्यातून ते पुष्कळ नाजूक करता येतात.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. विद्यार्थ्यांना शाळेबाहेर उभ्या असलेल्या गाडीपासून १३ मीटरवर उभे करावे आणि दिसेल तेवढेच काढायला सांगावे.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये हद्दपार झाल्या. खाजगी मालकांकडे उरलेल्या अनेक गाड्यांचे दिवे, बंपर, रंग बदललेले असतात. मोजायला मूळ गाडी मिळणे कठीण होत जाईल, तसे पुढचे कारागीर आधीच्या प्रतिकृतीवरूनच मापे घेतील. तेव्हा मुद्दाम रुंदावलेली फट त्यांना खरी वाटू नये, यासाठी कुठले माप किती बदलले याची चिठ्ठी प्रतिकृतीच्या तळाला चिकटवलेली असावी. आम्ही प्रतिकृती हातात घेतली की आधी उलटी करून पाहतो, ते याचसाठी.